भाजीतलं औषध ओळखणारं एन्झाइम कार्ड: आमच्या सोसायटीच्या गेटवर काय चुकलं

तळ्यापाशी · मंगळवार, रात्री ९:४०

रविवारी मी नाशिकला बहिणीकडे होते. परत आले तर घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनशेच्या वर मेसेज. मुरबाडहून दर रविवारी भाजीचा टेम्पो घेऊन येणाऱ्या दादांचा माल गेटवरच, फवारलेलं औषध म्हणजे कीटकनाशक ओळखणाऱ्या कार्डाने तपासला, पातीच्या कांद्याचं कार्ड पांढरं राहिलं आणि "विषारी भाजी" म्हणून दादांना उरलेल्या मालासकट परत पाठवलं. कार्डाचा फोटो शेजारच्या दोन सोसायट्यांतही फिरला. चार वर्षं हा माणूस पहाटे साडेतीनला घर सोडून सातच्या आत आमच्या दारात उभा राहतोय. मी फोन केला तर म्हणाले, "ताई, माल कल्याणला टाकला, मिळेल त्या भावात." पुढे काही बोलले नाहीत.

मी ३१ वर्षं ठाण्यातल्या एका कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवली. या कार्डात जे एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) असतं, त्यावर मुलांकडून कितीतरी प्रॅक्टिकलं करून घेतली आहेत. म्हणून हे लिहिणं मला भाग आहे.

कार्ड कसं चालतं ते आधी सांगते. त्यावर दोन टिकल्या असतात, एक पांढरी, एक लाल. पांढरीत कोलिनएस्टरेज हे एन्झाइम वाळवून बसवलेलं असतं, लालमध्ये इंडोफिनाइल ॲसिटेट नावाचं रसायन. भाजीचा अर्क पांढऱ्या टिकलीवर टाकायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग कार्डाची घडी घालून दोन्ही टिकल्या एकमेकींवर तीन मिनिटं बोटांत दाबून धरायच्या. एन्झाइम शाबूत असेल तर ते लाल रसायन तोडतं आणि निळा रंग उतरतो. औषधाने एन्झाइमला जखडलं असेल तर टिकली पांढरीच राहते.

हेच एन्झाइम आपल्या अंगात आहे. मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तो ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या हाती. निरोप पोचला की ते रसायन लगेच मोडावं लागतं, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहील. मोडायचं काम कोलिनएस्टरेजचं, आणि त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू मोडतो. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं या एन्झाइमच्या नेमक्या कामाच्या जागी, तिथल्या सेरिन या घटकावर, जाऊन चिकटतात. कार्बामेट गटातलीही तिथेच बसतात, पण ती काही वेळाने सुटतात. किडा मरतो तो असा. कार्ड म्हणजे त्या किड्याच्या मरणाची कागदावरची नक्कल.

आता माझा प्रयोग. सोमवारी दुपारी ग्रुपकडून त्याच पाकिटातली चार कार्डं मागून घेतली. पहिल्यावर नुसतं कार्डाबरोबर आलेलं बफरचं (आंबटपणा स्थिर ठेवणारं) पाणी टाकलं. दुसऱ्यावर दादांच्याच आधीच्या रविवारच्या, माझ्या फ्रिजमधल्या पातीचा चिरून काढलेला अर्क. तिसऱ्यावर त्याच जुडीतली पात, पण न चिरता: अख्ख्या पातीवर दोनतीन थेंब टाकले, दुसऱ्या पातीने हलकेच चोळले आणि तेच पाणी कार्डावर उतरवलं. चौथ्यावर माझ्या बाल्कनीतल्या कुंडीतल्या लसणाच्या पातीचा चिरलेला अर्क. ती कुंडी मी स्वतः लावली आहे, तिला शेणखत आणि पाण्याशिवाय काही घातलेलं नाही.

पहिलं निळं. दुसरं पांढरं. तिसरं निळं. आणि चौथं, माझ्या कुंडीतल्या लसणाचं, पांढरं फटक.

कांदा, लसूण, मुळा, कोथिंबीर, सेलरी, अळंबी, टोमॅटोचा रस यांच्यात अशी नैसर्गिक द्रव्यं असतात की चिरल्यावर तीच एन्झाइमला अडवतात. कांदा-लसणात ती गंधकाची. हा काही माझा शोध नाही. चीनमध्ये या कार्ड-पद्धतीचं २००३ पासून राष्ट्रीय मानक आहे आणि त्यातच लिहिलं आहे की या भाज्या चिरून तपासू नयेत, अख्ख्या भाजीचा किंवा पृष्ठभागाचा अर्क घ्यावा. आपल्या पाकिटातल्या घडीपत्रकावरही बारीक अक्षरात ते आहे. गेटवर कोणी वाचलं नाही. नुसत्या पाण्याचं कार्डही कोणी केलं नाही.

या विषयात काम करणारं इथे कोणी असेल तर कृपया लिहा. रविवारी सोसायटीची बैठक आहे.

---

कोपरखैरणेकर · मंगळवार, रात्री १०:१५

ताई, वाईट वाटलं वाचून. तुमच्याकडे निदान खरं एन्झाइम कार्ड तरी होतं. आमच्या सेक्टरमध्ये एकाने ऑनलाइन यंत्र आणलं, फळात सुई खुपसायची आणि पडद्यावर हिरवं-लाल. मी त्याचं माहितीपत्रक नीट वाचलं. ते भाजीच्या रसातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून नायट्रेटचा अंदाज देतं. कीटकनाशकाशी त्याचा काही संबंध नाही. घेणाऱ्यांनी पत्रकात "कशाचं मोजमाप" हे आधी बघावं.

---

माजिवडा_आई · मंगळवार, रात्री ११:०२

माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. मला विचाराल तर कार्ड पांढरं राहिलं आणि शंका असली की मी ती जुडी टाकून देईन. दहा चांगल्या जुड्या वाया गेल्या तरी चालतील, एक वाईट पोटात जायला नको. दादांचं नुकसान झालं हे खरं. पण सोसायटीने चूक केली असं मला वाटत नाही. सावध राहणं ही चूक कशी?

---

तळ्यापाशी · बुधवार, सकाळी ७:२०

माजिवडा_आई, तुमची भीती मला समजते, ती खोटी नाही. ज्या कार्डाने पात नाकारली त्याच कार्डाने त्या दिवशी भेंडी आणि वांगी पास केली आणि लोकांनी ती आनंदाने घरी नेली. पास केलेल्या भाजीत काही नव्हतं असं ते कार्ड म्हणतच नाही. सावध राहायचं तर दोन्ही बाजूंनी राहायला हवं.

सोसायटीत मी काल वर्गणी काढली. पात आणि भेंडी, दोन्हीचे नमुने आज नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत देते आहे. नमुने त्या रविवारचेच आहेत, दोन घरांच्या फ्रिजमधले. अहवाल आला की इथे टाकेन.

---

ऐरोली_सर्किट · बुधवार, दुपारी १:३०

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, केमिस्ट्री बारावीपर्यंतच. माझ्या आईचा ग्लुकोमीटर बोटातल्या एका थेंबावर पाच सेकंदांत आकडा देतो. त्या पट्टीवरही एन्झाइमच असतं ना? मग भाजीसाठी तसा आकडा देणारा सेन्सर का मिळत नाही? कार्डाचा निळा रंग डोळ्यांनी ठरवायचा, त्यातच अर्धी भांडणं होणार.

---

तळ्यापाशी · बुधवार, दुपारी ३:१०

फार नेमका प्रश्न विचारलात. ग्लुकोमीटरची मूळ कल्पना लेलंड क्लार्क यांची, १९६२ ची: ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम बसवायचं. भाजीचे सेन्सरही तशाच छापील इलेक्ट्रोडवर बनतात. कार्बनच्या शाईने छापलेली पट्टी, तिच्या टोकाला कोलिनएस्टरेजचा थर. त्याला ॲसिटिलथायोकोलिन खायला घालायचं. एन्झाइम ते तोडून थायोकोलिन बनवतं, थायोकोलिन इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन देतं आणि करंट मिळतो. अर्काआधी करंट मोजायचा, पट्टी दहा-पंधरा मिनिटं अर्कात ठेवायची, पुन्हा मोजायचा. किती टक्के पडला तो तुमचा आकडा. थायोकोलिनचं इलेक्ट्रॉन देणं सोपं व्हावं म्हणून कोबाल्ट थॅलोसायनिन, प्रशियन ब्लू, कार्बन नॅनोट्यूब असं काय काय त्या शाईत मिसळतात. प्रयोगशाळेत हे सेन्सर कार्डापेक्षा कितीतरी बारीक प्रमाण पकडतात.

पण एक मोठा फरक आहे. साखर मोजताना साखर आहे म्हणून करंट वाढतो. इथे आपण करंटची घट मोजतो. घट औषधामुळे झाली, पट्टी उन्हात तापल्यामुळे झाली, अर्क आंबट होता म्हणून झाली, की भाजी मातीतून शिसं-पारा घेऊन आली होती म्हणून, हे सेन्सरला कळत नाही. त्याला एवढंच कळतं की एन्झाइम थांबलं. मे महिन्यात कुरियरच्या गाडीत दोन दिवस तापलेलं पाकीट म्हणजे अर्धमेलं एन्झाइम. ते प्रत्येक भाजीला दोषी ठरवेल. म्हणून नुसत्या पाण्याचं कार्ड आधी करायचं, ते निळं झालं तरच पुढे जायचं.

माहितीसाठी सांगते, प्रयोगशाळेत मिळणारं हे एन्झाइम बहुतेक वेळा विजेचा झटका देणाऱ्या ईल माशाच्या अवयवातून काढलेलं असतं. त्या अवयवात ते प्रचंड प्रमाणात असतं. मी मुलांना ती बाटली दाखवायची तेव्हा सगळा वर्ग गप्प व्हायचा.

---

रेल्वेलाईन · बुधवार, दुपारी ४:४५

शिसं-पाऱ्यावरून आठवलं. रुळांच्या कडेला पिकणारी पालक-माठाची भाजी आपण सगळ्यांनी लोकलमधून पाहिली आहे. तिथे पाणी कुठलं वापरतात यावर अनेकदा आरडाओरडा झाला आहे. म्हणजे अशी भाजी तपासली आणि कार्ड पांढरं राहिलं तर ते औषधामुळे की जड धातूंमुळे हे कळणारच नाही?

---

तळ्यापाशी · बुधवार, संध्याकाळी ५:०५

बरोबर, कार्डावरून नाही कळणार. धातूंसाठी वेगळी तपासणी लागते.

---

रात्रपाळी · बुधवार, रात्री ११:५०

मी आयसीयूत नर्स आहे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. एक बाजू मांडायची होती म्हणून लॉग-इन केलं.

औषध पोटात गेलेला किंवा फवारताना अंगावर घेतलेला पेशंट येतो तेव्हा दारातच कळतं. तोंडातून लाळ वाहतेय, कपडे घामाने चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, कधी लसणासारखा वास. ॲट्रोपिन सुरू करायचं आणि छातीतलं पाणी सुकेपर्यंत देत राहायचं. जोडीला पॅम, म्हणजे प्रॅलिडॉक्सिम. ते एन्झाइमला चिकटलेलं औषध ओढून काढतं, पण वेळेत दिलं तरच. उशीर झाला की ती पकड कायमची होते. रक्तातलं कोलिनएस्टरेज तपासायला पाठवतो. तळ्यापाशी ताई ज्या घटीबद्दल बोलताहेत तीच घट त्या रिपोर्टमध्ये असते, फक्त ती एका माणसाची असते.

२०१७ मध्ये यवतमाळला कापसावर फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त माणसं गेली. ती भाजी खाणारी माणसं नव्हती. पाठीवर पंप घेऊन पिकात उभी असलेली होती. कॅलिफोर्नियात १९७४ पासून अशी औषधं नियमित हाताळणाऱ्या मजुरांचं कोलिनएस्टरेज हंगामाआधी मोजून ठेवतात आणि हंगामात पुन्हा मोजतात. ठरावीक मर्यादेपलीकडे घट दिसली की त्या माणसाला फवारणीवरून काढतात. हाच सेन्सर बोटातल्या रक्ताच्या थेंबावर चालवता येतो. भाजीच्या आधी मला तो तिथे हवा आहे.

---

माजिवडा_आई · गुरुवार, सकाळी ६:५५

रात्रपाळी ताई, हे मी कधी या बाजूने पाहिलं नव्हतं.

---

गाळेकरी · गुरुवार, सकाळी ९:३०

तुर्भ्याच्या मार्केटात भाजीपाल्याच्या गाळ्यावर वडील होते, आता मी आहे. आमच्याकडचं गणित सांगतो.

गाड्या रात्रभर येत असतात. नाशिक, पुणे, सातारा, गुजरात, कर्नाटक. पहाटे तीन-चारला माल उतरवायला सुरुवात होते, उजाडेपर्यंत बाजार भरात असतो, दुपारपर्यंत ठाणे, कल्याण, दादर, सगळीकडे पोचलेला असतो. प्रयोगशाळेत नमुना पाठवला तर अहवाल यायला दोन-तीन दिवस. तोवर ती भाजी लोकांच्या पोटात जाऊन पचलेली असते. अहवाल कितीही अचूक असला तरी माझ्या गाळ्यावरचा माल त्याने थांबत नाही.

पंधरा-वीस मिनिटांत काही सांगणारी वस्तू असेल तर तिचा उपयोग आवक गेटवर आहे. पण तिथे करणारा माणूस शिकलेला पाहिजे आणि पांढऱ्या कार्डावर गाडी परत पाठवता कामा नये. ती बाजूला लावा, दुसरा नमुना घ्या, मग ठरवा. माथाडी थांबलेत, ड्रायव्हर थांबलाय, कोथिंबीर तासागणिक कोमेजतेय, आणि त्या घाईत चुकीचं कार्ड म्हणजे शेतकऱ्याचा पूर्ण हंगाम. ताईंनी सांगितलेली कोथिंबिरीची गोष्ट आमच्या गेटवर कुणाला माहीत असेल असं मला वाटत नाही.

---

रबाळे_बेंच · गुरुवार, रात्री ८:२०

मी भाजी-फळांतले कीटकनाशकांचे अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. आमची पद्धत थोडक्यात: भाजी वाटून ॲसिटोनायट्राइलमध्ये अर्क, मीठ घालून थर वेगळे करणं, सफाई. ही क्वेचर्स पद्धत २००३ मध्ये आली, तिच्यामुळे आमचं काम कितीतरी सुटसुटीत झालं. मग एलसी-एमएस-एमएस आणि जीसी-एमएस-एमएस ही यंत्रं. एका नमुन्यात शेकडो औषधं नावानिशी आणि आकड्यानिशी कळतात.

आता तुलना. ज्या औषधासाठी त्या भाजीत वेगळी मर्यादा ठरलेली नाही तिथे आपल्या अन्नसुरक्षा नियमांत किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. कार्डाची पकड औषधागणिक साधारण ०.३ ते ३ मिलिग्रॅमच्या घरात असते. म्हणजे मर्यादेच्या तीस ते तीनशे पट. निळं कार्ड म्हणजे "नियमात बसतं" असा अर्थ होतच नाही. "ताजं, भरमसाट फवारलेलं नाही" एवढंच.

दुसरं, कार्डाला दिसतात ती फक्त ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट. आज भाजीवर इमिडाक्लोप्रिड मारतात, ते एन्झाइमला हात लावत नाही. ते ज्या दारावर निरोप घेतला जातो त्या रिसेप्टरवर बसतं. लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली औषधं मज्जातंतूतल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतात. बुरशीनाशकं तर वेगळीच. हे सगळं कार्डासमोरून निघून जाईल.

तिसरी गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. क्लोरपायरीफॉस, मॅलॅथिऑन, पॅराथिऑन यांच्यात फॉस्फरसला गंधक जोडलेलं असतं आणि त्या रूपात ती एन्झाइमला नीट पकडत नाहीत. आपल्या यकृतात गंधकाच्या जागी ऑक्सिजन बसतो आणि मग ती घातक होतात. भाजीवर ती अजून निजलेली असतात. प्रयोगशाळेत ब्रोमीनच्या पाण्याने आधी त्यांना "जागं" करून मग एन्झाइमला देतात. गेटवर कोण करणार?

आणि आमच्या यंत्राचाही अभिमान मी फार बाळगत नाही. २०१० मध्ये युरोपात आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकामुळे अडकली. तोवर २००६ पासूनची ग्रेपनेट ही निर्यातीच्या द्राक्षांवर लक्ष ठेवणारी व्यवस्था चालू होती, प्रत्येक बागेची नोंद होती, तपासणी होती. पण हे वाढनियंत्रक तपासायच्या यादीतच नव्हतं. यादीत नसलेलं यंत्रालाही दिसत नाही.

---

ऐरोली_सर्किट · गुरुवार, रात्री ९:००

मग एन्झाइमला थांबवण्याऐवजी औषधालाच तोडणारं एन्झाइम का वापरत नाहीत? जे तुटलं ते मोजायचं. तुमच्या ग्लुकोमीटरसारखं, वाढणारं.

---

तळ्यापाशी · गुरुवार, रात्री ९:५०

वापरतात! ऑर्गॅनोफॉस्फरस हायड्रोलेज नावाचं एन्झाइम आहे, काही जिवाणूंमध्ये सापडतं. ते पॅराथिऑन किंवा मिथाइल पॅराथिऑनला तोडतं आणि पॅरानायट्रोफिनॉल हा पिवळा पदार्थ बनतो. जितका पिवळा तितकं औषध. तिथे कांदा-लसणाचा घोटाळा बराच कमी, कारण रंग यायला ते औषधच लागतं. ट्रॉम्बेत भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये नेमकं हेच केलं: फ्लॅव्होबॅक्टेरियम या जिवाणूच्या अख्ख्या पेशी काचतंतूंच्या गाळणकागदावर बसवल्या आणि पिवळेपणा प्रकाशाने मोजला. एन्झाइम शुद्ध करायचा खर्चही वाचला. आपल्या इतक्या जवळ हे काम झालं आहे याचं मला फार कौतुक आहे.

अडचण एवढीच की ते मोजक्या औषधांनाच ओळखतं. आणि मिथाइल पॅराथिऑनवर तर २०१८ च्या आदेशाने देशात बंदीच आली. एका औषधासाठी सेन्सर घडवायला वर्षानुवर्षं लागतात, तोवर शेतातलं औषध बदललेलं असतं.

---

बांधावरून · शुक्रवार, पहाटे ५:१५

नमस्कार. मुरबाडच्या ज्या दादांबद्दल ताईंनी लिहिलंय त्यांचा मी पुतण्या. काकांना मोबाइलवर वाचून दाखवलं. लिहितोय मी, बोलणं त्यांचं.

पातीला आम्ही काही मारलं नव्हतं. पण भेंडीचं खोटं बोलणार नाही. तुडतुडे आले होते. बुधवारी दुकानदाराने दिलं ते औषध मारलं, शनिवारी तोडा केला. बाटलीवर किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, पण अक्षर मुंगीएवढं. बाटलीवरचा त्रिकोण कुठल्या रंगाचा एवढं बघतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, तो असेल तर घेत नाही.

भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते. एक तोडा चुकला की शेंग जून होते, झाड पुढची फुलं धरत नाही. पाच दिवस थांबायचं म्हणजे दोन तोडे तोडून बांधावर फेकायचे, त्याची मजुरी खिशातून. कोणी असं सांगत असेल की काका, शुक्रवारी दोन शेंगा तपासा, अजून औषध असेल तर शनिवारी तोडू नका, तर आम्ही तेही करू. पण गेटवर शंभर माणसांसमोर नको.

---

माजिवडा_आई · शुक्रवार, सकाळी ७:४०

दादा, मी त्या सोसायटीतली नाही, पण माझ्या सोसायटीतही तो फोटो आला होता आणि मी तो पुढे पाठवला होता. तो मी काढून टाकला आहे आणि ज्यांना पाठवला त्या सगळ्यांना या धाग्याची लिंक दिली आहे. मला माफ करा.

ताई, एक विचारू? घरी धुण्याने काही होतं का? मीठ, व्हिनेगर, सोडा, प्रत्येकजण वेगळं सांगतं.

---

रबाळे_बेंच · शुक्रवार, सकाळी ११:१०

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातलं काम सांगतो, सफरचंदावरचं. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे दोन छोटे चमचे. त्यात १२ ते १५ मिनिटं बुडवल्यावर थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक ८० टक्के आणि फॉस्मेट हे ऑरगॅनोफॉस्फेट ९६ टक्के निघालं. साधं पाणी त्यापुढे फिकं पडलं. ऑरगॅनोफॉस्फेट औषधं अल्कलीत मोडतात, त्याचा हा फायदा. पण २० टक्के थायाबेंडाझोल सालीच्या आत शिरलं होतं, ते कशानेच निघालं नाही. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं तर झाडाच्या रसातूनच फिरतात. तेव्हा सोडा जरूर वापरा, सालीवरचं जाईल, रसातलं नाही.

---

तळ्यापाशी · शनिवार, दुपारी २:३०

अहवाल आला.

पात: तपासलेल्यांपैकी एकही औषध सापडलं नाही.

भेंडी: इमिडाक्लोप्रिड सापडलं. मर्यादेच्या आत आहे, पण आहे. रविवारी हिचंच कार्ड स्वच्छ निळं झालं होतं आणि गेटवर टाळ्या पडल्या होत्या असं मला सांगण्यात आलं.

दादांशी तासभर बोलले. त्यांनी बाटली शोधून काढली, पुतण्याने लेबलचा फोटो पाठवला, तो मोठा करून आम्ही फोनवरच वाचला. इमिडाक्लोप्रिड कार्डाला दिसणारच नाही, हे मी त्यांना नीट सांगितलं. तिथे फक्त फवारणीची तारीख आणि लेबलवरचे दिवस, दुसरा उपाय नाही. दादा आता फवारणीची वही ठेवणार आहेत: तारीख, औषध, किती दिवस थांबायचं. वही रविवारी टेम्पोत ठेवतील, ज्याला बघायची त्याने बघावी.

कार्ड कुठे कामाचं, तेही ठरवलं. वांग्यावर कधीकधी प्रोफेनोफॉस मारावं लागतं असं ते म्हणाले. ते ऑरगॅनोफॉस्फेट आहे, ऑक्सिजनच्या रूपातलं, एन्झाइमला दिसणारं. तर तोड्याच्या आदल्या दिवशी दोन वांगी पुतण्या स्वतः कार्डावर बघेल. आधी नुसत्या पाण्याचं, मग वांग्याचं. पांढरं राहिलं तर तोडा पुढे ढकलायचा. निळं झालं तरी लेबलवरचे दिवस भरल्याशिवाय तोडायचं नाही. आम्हाला फोटो पाठवायची गरज नाही. कार्डांचा खर्च सोसायटीतली आम्ही अकरा घरं करतोय. पाकीट माझ्या फ्रिजमध्ये राहील आणि दर रविवारी बर्फाच्या डब्यातून पुतण्याला देईन.

---

गाळेकरी · शनिवार, दुपारी ३:१५

ताई, त्या वहीचे रकाने इथे टाकाल का? माझ्याकडे जुन्नर-आंबेगावहून माल देणारे वीसेक जण आहेत, त्यांना वाचता येतील अशा मोठ्या अक्षरात छापून घेतो.

---

रात्रपाळी · शनिवार, दुपारी ४:००

त्यात एक रकाना माझा घ्या: फवारणी कोणी केली, आणि त्या रात्री त्याला डोकेदुखी, मळमळ, धूसर दिसणं असं काही झालं का.

---

तळ्यापाशी · शनिवार, संध्याकाळी ६:२०

घेतला. रकाने असे झाले: तारीख, पीक, औषधाचं नाव, पंपाला किती, त्रिकोणाचा रंग, लेबलवरचे दिवस, कोणत्या तारखेला तोडायचं, फवारणी कोणी केली, रात्री त्रास झाला का.

उद्याच्या बैठकीत मी पातीची कार्डं पुन्हा करून दाखवणार आहे, माझ्या कुंडीतल्या लसणासकट. दादा येतो म्हणालेत. टेम्पो नेहमीच्या जागी, सातच्या आत.

---

बांधावरून · शनिवार, रात्री ८:४५

काका म्हणाले, पातीच्या जुड्या जास्त भरतो.